बघणाऱ्याचं औषध

फिट आलेल्या कुत्र्याला ती फिट आठवत नाही. झटका सर्वांगाला आला की शुद्धच हरपते. पाय ताठ होतात, अंग कुशीवर कोसळतं, जबडा कटकटा वाजतो, चारही पाय हवेत पळत राहतात, लाळ गळते, लघवी होते, कधी शीही होते. हे सगळं चालू असताना आत कुणी नसतं. मिनिट-दीड मिनिटाने तो धडपडत उठतो, भिंतीला धडकतो, काही वेळ त्याला नीट दिसत नाही, माझी ओळख पटत नाही, घरभर येरझारा घालतो आणि मग कडकडून भूक लागल्यासारखा रिकामं भांडं चाटत बसतो. त्याच्या लेखी मधे काही घडलेलंच नसतं. जे घडलेलं असतं ते माझ्या लेखी.

डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं, धीर द्यायला. ‘त्याला काही कळत नाही, त्रास तुम्हालाच जास्त होतो,’ असं म्हणाले. मीही ते धीर म्हणूनच घेतलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. त्या वाक्यात एक प्रश्न दडलेला आहे हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. त्रास जर मला जास्त होतो, तर औषध त्याला का?

प्रश्न मूर्खपणाचा वाटतो, मलाही वाटला होता. पण तो गेला नाही. म्हणून आता तो समोर घेऊन बसायचं ठरवलंय.

बिस्किट बीगल आहे. लेकीने पहिल्या पगारातून हौसेने आणला आणि बेंगळुरूला बदली झाल्यावर आमच्याकडे ठेवला. पुण्यात अशी पुष्कळ कुत्री निवृत्त आईबापांच्या गळ्यात पडलेली आहेत, आणि आईबापांची तक्रार नाही. सासूबाई त्याला बिस्कुट्या म्हणतात. दीड-दोन वर्षांचा असताना पहिली फिट आली. साखर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी, सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू झालेले झटके, दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रा अगदी धडधाकट आणि तपासण्या स्वच्छ, असं असलं की तो मुळातलाच अपस्मार धरतात, बऱ्याचदा रक्तातून आलेला. बीगल, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली या जातींत तो जास्त दिसतो. लांब कान आणि तपकिरी डोळे बघून आम्ही जात निवडली, तिच्याबरोबर हेही आलं. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पिल्लू घेताना ती नोंदणी किती जण बघायला मागतात, हा प्रश्न मी चारचौघांत विचारत नाही. उत्तर आमच्याच घरातून सुरू होतं.

औषध सुरू झालं ते फेनोबार्बिटल. सकाळी आठला एक, रात्री आठला एक, बारा तासांचं अंतर चुकवायचं नाही आणि मनाने एकदम बंद तर कधीच करायचं नाही, कारण एकदम बंद केलं की झटके उलटून येतात. दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी बघायची, पुढे दर सहा महिन्यांनी पातळी आणि लिव्हर. हे औषध लवकर मोडायला लिव्हर हळूहळू शिकत जातं, म्हणून तोच डोस काही महिन्यांनी अपुराही पडू शकतो. घड्याळाला बांधलेलं हे आयुष्य आम्ही मुकाट स्वीकारलं. लग्नाच्या पंगतीतून आठला उठून घरी यायचं, कोकणात जायचं तर गोळ्यांची पट्टी दोघांच्या बॅगांत वेगवेगळी ठेवायची. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते गोळीच्या पलीकडच्या बाजूबद्दल. पहिले काही दिवस बिस्किट झिंगलेला असे, मागचे पाय एकमेकांत अडकत. ते कमी झालं. भूक आणि तहान मात्र राहिली. पाण्याचं भांडं भरून भरून कंटाळा येई, आणि घरात कधी चूक न करणारा हा प्राणी पहाटे दाराशी लघवी करून कान पाडून कोपऱ्यात बसू लागला. भूक तर अशी, की खुर्चीवरून टेबलावर चढून पोळ्यांचा डबा उघडायचा. कुत्र्याने पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट मी नोकरीत असताना वर्गावर किती वेळा सांगितली असेल. बिस्किटमागे मीही धावले. वजन वाढू नये म्हणून पोळी त्याच्या दातांतून ओढून काढायला. भूक त्याची नव्हती, मी दिलेल्या गोळीची होती, आणि ती भागवायला मीच आडवी येत होते.

हिशेब असा आहे. झटका तो भोगत नाही, निदान त्या मिनिटापुरता तरी नाही. औषध मात्र चोवीस तास भोगतो. जागा असताना भोगतो, शुद्धीत भोगतो. झटका भोगते मी.

इथे कुणी म्हणेल, मग औषध बंद करा. तसं नाही, आणि हे स्वतःला बजावल्याशिवाय पुढे जाणं बेजबाबदारपणा होईल. पाच मिनिटांवर लांबलेला झटका जीव घेऊ शकतो. अंगाचं तापमान भडकतं, मेंदूला इजा होते. चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके लागोपाठ आले, तर तोही दवाखाना गाठण्याचा प्रसंग. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे आम्ही घरात ठेवलाय. लहान मुलांच्या फिटसाठी मिळतो तोच. तो आणायला गेले तेव्हा औषधाच्या दुकानातल्या मुलाने कायद्याप्रमाणे रजिस्टर उघडलं. ‘पेशंटचं नाव?’ ‘बिस्किट.’ त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न हसता पुढे आमचं आडनाव लिहिलं. तेव्हा औषध हवंच आहे. माझी शंका औषधाबद्दल नाही. शंका आहे ती एका विशिष्ट क्षणाबद्दल, मी डॉक्टरांसमोर बसून ‘डोस थोडा वाढवता येईल का?’ असं विचारते त्या क्षणाबद्दल.

डॉक्टरांनी एकदा उलट विचारलं होतं, ‘महिन्याला किती झटके तुम्हाला चालतील?’ मला राग आला. असा प्रश्न असतो का? पण तो अगदी रास्त प्रश्न होता. बहुतेक कुत्र्यांत झटके शून्यावर येत नाहीत. संख्या निम्म्यावर आली तरी पशुवैद्यकात औषध बऱ्यापैकी लागू पडलं असं धरतात. शून्याचा आग्रह धरायचा तर डोस चढवत न्यायचा, पातळी ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की लिव्हरची धास्ती, आणि मधे एक पेंगुळलेला, फोपशा अंगाचा कुत्रा. ‘तुम्हाला किती चालतील’ यातला ‘तुम्हाला’ मला टोचला होता. कारण तोच खरा होता.

डॉक्टर झटक्याचा व्हिडिओ मागतात. हृदयाच्या दोषाने येणारी घेरीही फिटसारखी दिसते, आणि सांगण्यावरून फरक कळत नाही. शिवाय घड्याळ लागतंच, नाहीतर मिनिटभराचं दहा मिनिटं वाटतं. म्हणून आता झटका आला की मी आधी फर्निचर सरकवते, डोकं भिंतीपासून दूर करते, पंखा मोठा करते, आणि मग फोन धरते. तोंडात हात घालत नाही. कुत्रा जीभ गिळत नसतो, आपली बोटं मात्र जातात. सासूबाई स्वयंपाकघरातून कांदा फोडून आणतात. ‘अगं, नाकाशी धर.’ कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतो, आणि हुंगवल्याने फिट थांबत नाही, हे मी त्यांना अनेकदा समजावलंय. त्या ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा कांदा घेऊन उभ्या राहतात. पूर्वी मला त्याची चीड यायची. मग एकदा मी काढलेला व्हिडिओ मीच नीट पाहिला. त्यात माझा आवाज होता. ‘बिस्किट, बिस्किट, थांब ना रे, बास ना.’ कुणाला सांगत होते मी? ऐकायला तो तिथे नव्हता. सासूबाईंचा कांदा आणि माझं ‘थांब ना’ यांत तसूभरही फरक नाही. दोन्ही बघणाऱ्याचे उपचार.

फेनोबार्बिटलची एक हकिकत सांगतात. १९१२ साली जर्मनीत, फ्रायबुर्गला, आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर राहत असे. रात्री रुग्णांना झटके येत, ते खाटेवरून पडत, आणि त्या आवाजांनी याची झोपमोड होई. बाजारात नव्याने आलेलं फेनोबार्बिटल हे झोपेचं औषध त्याने रुग्णांना दिलं, रात्र शांत जावी म्हणून. रात्र शांत गेलीच, पण झटकेही कमी झाले, दिवसाही. पुढे शंभर वर्षं जगभर लाखो माणसांना ज्याने तारलं, ते औषध अपस्मारावर लागू पडतं हा शोध, ही हकिकत खरी धरली तर, एका दमलेल्या माणसाला झोप हवी होती म्हणून लागला. मी हे वाचलं तेव्हा आधी हसू आलं. मग वाटलं, हेतूचा एवढा कीस पाडण्याची गरज आहे का? झोपेसाठी दिलं, तरी रुग्ण बरेच झाले ना?

पण नेहमी तसं होत नाही, हे मला घरातूनच ठाऊक आहे.

माझ्या धाकट्या आत्याला फिट यायच्या. कराडच्या बाजूचं गाव, सत्तरचं दशक. गावात त्याला फेफरं म्हणत, आणि काही जण ‘बाहेरचं आहे’ म्हणत. अंगारे झाले, देवऋषी झाले, पायताण हुंगवून झालं. तिला विहिरीवर जाऊ देत नसत, चुलीपुढे बसू देत नसत. या दोन बंदींत शहाणपण होतं, तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. पण तिला हळदीकुंकवालाही नेत नसत, पाहुणे आले की ओसरीवर येऊ देत नसत, त्यात कसलं शहाणपण? साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून तिच्यासाठी गोळ्या यायच्या. गार्डिनाल. म्हणजे फेनोबार्बिटलच. बिस्किटला देते तेच औषध.

त्या गोळ्या रोज द्यायच्या होत्या. पण आमच्या घरात त्या कार्याच्या दिवशी दिल्या जायच्या. लग्न असलं, बारसं असलं, कुणाला मुलगी दाखवायची असली, की आजी आठवणीने आत्याला गोळी द्यायची, एक नाही, दोन. आत्या मग मागच्या खोलीत दिवसभर झोपून असायची आणि कार्य निर्विघ्न पार पडायचं. एरवी गोळ्या संपल्या तर संपल्या, पावसाळ्यात एसटी बंद पडली तर महिनाभर नाहीतच. आणि मग अर्थातच झटके वाढायचे, आणि घर म्हणायचं, ‘औषधाचा काही उपयोग नाही.’ आत्या एकदा मला म्हणाली होती, ‘मला काय कळतंय त्यातलं? तुमालाच भ्या वाटतं.’ ती चिडून म्हणाली नव्हती. शेंगा फोडत होती आणि सहज म्हणाली.

तिचं लग्न झालंच नाही. १९७६ साली हिंदू विवाह कायदा दुरुस्त झाला तेव्हा वेडाचे आणि अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच ओळीत बसवून अशा माणसाला विवाहाला अपात्र ठरवलं गेलं. अपस्मार त्यातून वगळायला १९९९ साल उजाडलं. आमच्या घराने कायदा वाचून काही केलं नव्हतं, पण कायदाही आमच्या घरासारखाच विचार करत होता. ती वारली तेव्हा मी लहान नव्हते, कमावती होते, आणि तिला गोळी वेळेवर मिळते का हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं. कुत्र्यासाठी मोबाइलमध्ये दोन गजर लावलेत.

हे सांगितलं की लोक म्हणतात, ‘म्हणजे आता तुम्ही त्याची भरपाई करताय.’ छान वाटतं ऐकायला. खोटं आहे. बिस्किटची काळजी घेताना मला आत्या आठवत नव्हती; ती आठवली डोस वाढवण्यावरून. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘आई, वाढवून घे ना गं डोस. मला नाही बघवत.’ मलाही बघवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात नणंदेच्या मुलाचा साखरपुडा आमच्याकडे होता, घरात माणसं असणार होती, आणि माझ्या मनात, अगदी स्पष्ट शब्दांत, आलं: निदान त्या दिवशी तरी नको. तेव्हा आजी दिसली, हातात दोन गोळ्या घेतलेली.

डोस मी वाढवला नाही, साखरपुडा झाला, झटका आला नाही. आला असता तर मी हे इतक्या शांतपणे लिहिलं नसतं.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण ती बोलली जात नाही. रात्री अडीचला लादी पुसताना, अंगावरची झोप आणि फिनेलचा वास यांच्या मधे कुठेतरी, ‘हा सुटला तर बरं’ असं मनात येतं. ‘हा’ म्हणजे तो नव्हे. मी. सकाळी कुणी म्हणतं, ‘किती करता हो तुम्ही त्या मुक्या जिवाचं,’ आणि मी ते कौतुक परत करत नाही, ठेवून घेते. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पिल्लाला डिस्टेंपर झाला होता. त्याचाही जबडा तसाच चावल्यासारखा हलत होता, अंगाला तसेच झटके. लोक म्हणाले, पिसाळलंय. लस न टोचलेल्या पिल्लाबाबत ती भीती खोटी म्हणता येत नाही, जवळ जाऊ नये हेच बरोबर. मी प्राण्यांच्या अँब्युलन्सला फोन केला आणि वर आले. खिडकी लावून घेतली. कौतुक करणाऱ्यांना ती खिडकी दिसत नाही.

आता नवा प्रश्न समोर आहे. फेनोबार्बिटलची पातळी चांगली आहे, तरी झटके महिन्यातून एकदा-दोनदा येतातच. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम ब्रोमाइड जोडता येईल. ते कुत्र्याच्या अंगात इतकं रेंगाळतं की पातळी स्थिर व्हायला अडीच-तीन महिने जातात. खाण्यातलं मीठ रोज सारखंच ठेवावं लागतं, कारण मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीतून निघून जातं. म्हणजे चोरलेला एक पापडसुद्धा हिशेबात धरायचा. मागचे पाय लटपटू शकतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सक्ती नाही, म्हणाले, तुम्ही ठरवा. झटके दीड मिनिटाच्या आतले आहेत, लागोपाठ येत नाहीत, मधल्या दिवसांत तो आनंदात आहे. मी नको म्हणायच्या बेतात होते. एवढा सगळा विचार करून झाल्यावर मला ‘नको’ हेच सच्चं उत्तर वाटत होतं. माझं न बघवणं त्याच्या पोटात घालायचं नाही.

घरी येताना नवरा म्हणाला, ‘तुला आता बघायची सवय झालीय, म्हणून तुला ते जमतंय.’

रिक्षात मी काही बोलले नाही. पण तो म्हणतो त्यात तथ्य आहे. न बघवणं हा जसा माझा स्वार्थ, तसंच सरावणं हीही माझीच सोय. नवं औषध नको म्हटलं की लादी कमी पुसावी लागते, पोळ्यांच्या डब्याला कुलूप लागत नाही, तीन महिने मिठावर पहारा नाही. ‘त्याच्या भल्यासाठी’ या शब्दांखाली यातलं काय काय लपलंय, हे मला एकटीला दिसेल याची खात्री नाही. सदसद्विवेकबुद्धीला कौल लावावा, तर कौल देणारी मीच आणि कौल मागणारीही मीच.

म्हणून निर्णय महिनाभर पुढे ढकललाय. झटक्यांची वही मी ठेवतेच: तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय खाल्लं. तिच्यात आता आणखी रकाने आखले आहेत. सकाळी जिना उतरायला स्वतःहून आला का. चेंडू परत आणला का, किती वेळा. झोपून किती तास काढले. खालच्या मांजरावर भुंकला का. झटक्यानंतर पूर्वपदावर यायला किती वेळ लागला. हे रकाने नवऱ्याने भरायचे, मी बघायचेही नाहीत, असं ठरलंय. सासूबाई म्हणाल्या, ‘कांद्याचापण एक रकाना घाला,’ तोही घातला. महिना झाला की वही थेट डॉक्टरांच्या हातात द्यायची, आणि त्यांनी वाचून होईपर्यंत मी बाहेर बसायचं.